अवघड इंग्रजी शब्द: यादी सोडा, धातू धरा

स्पर्धा परीक्षेसाठी किंवा जीआरईसाठी शब्द पाठ करणारी मुलं बहुधा 'ए'पासूनची यादी घेऊन बसतात. 'सी'पर्यंत पोचेपर्यंत 'ए' पुसला गेलेला असतो. त्यापेक्षा धातू धरावा. आहार, विहार, प्रहार, संहार या सगळ्यांत 'हृ' आहे, हे संस्कृतच्या तासाला शिकलेल्यांना ठाऊक असतं. इंग्रजीतले भारदस्त शब्द बरेचसे लॅटिन-ग्रीकमधून आलेले, त्यामुळे तीच सवय इथे कामी येते. नॉर्मन लुईस यांचं १९४९ सालचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' याच पायावर उभं आहे.

लॅटिनमध्ये 'लोक्वी' म्हणजे बोलणं. 'सोलस' म्हणजे एकटा, म्हणून 'सोलिलोक्वी' हे नाटकातलं स्वगत. 'व्हेंटर' म्हणजे पोट, म्हणून 'व्हेंट्रिलोक्विस्ट' हा पोटातून बोलणारा. अर्धवटरावांना बोलतं करणारे रामदास पाध्ये डोळ्यांसमोर आणा, हा शब्द पुन्हा विसरणार नाही. 'एलोक्वंट' आणि 'लोक्वेशस' हेही त्याच धातूचे. पण पहिल्यात वक्तृत्वाला दाद आहे, दुसऱ्यात बडबडीचा ठपका. प्रमुख पाहुण्यांचे आभार मानताना दुसरा वापरला, तर पंचाईतच! धातूवरून अर्थाचा अंदाज येतो, छटा मात्र वाक्यातच कळते.

धातू कधी फसवतोही. 'पेडेस्ट्रियन'मध्ये लॅटिन पाय आहे, तर 'पेडिअ‍ॅट्रिशियन'मध्ये ग्रीक मूल. म्हणून अंदाज केला की शब्दकोश उघडायचाच.

शब्द कोणाच्या सोबतीनं येतो, तेही टिपावं. 'मिटिगेट' आणि 'अलिव्हिएट' दोन्ही कमी करण्याचेच. पण रिस्क म्हटली की सहसा 'मिटिगेट' येतो, पेन म्हटलं की 'अलिव्हिएट'. माझ्या मते परीक्षेत गुण जातात ते इथेच.

आता उजळणी. नव्यानं शिकलेलं सुरुवातीलाच सर्वांत वेगानं विसरलं जातं, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये त्यावर कार्डांसाठी कप्प्यांच्या खोक्याची युक्ती मांडली. आठवलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि तो कप्पा उशिरा उघडायचा. चुकलं तर कार्ड परत पहिल्यात. कार्डावर नुसता शब्द आणि अर्थ लिहू नये. पुढे स्वतः रचलेलं वाक्य, त्यात शब्दाच्या जागी रेघ, मागे शब्द. आणि मागं उलटण्याआधी उत्तर मोठ्यानं म्हणावं, मनातल्या मनात नको.