मोबाईल हाती आला, वेळ कोठे गेला?

गाळप हंगाम ऐन भरात असला म्हणजे कारखान्याच्या ऊसतळावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग लागते. नंबर येईपर्यंत दोन-चार तास, कधी कधी रात्रच्या रात्र थांबावे लागते. पूर्वी या वेळात चहाचे आधण चढे, पत्त्यांचा डाव पडे, बैलांपुढे वाढे टाकता टाकता गावोगावच्या खबरा कळत आणि एखादी सोयरीकही जुळून जाई. आता त्याच रांगेतून रात्री फेरी मारावी, तर ट्रॅक्टरच्या सीटवर आणि गाडीच्या जुवाजवळ निळसर उजेडाचे ठिपके दिसतात. प्रत्येक जण आपापल्या पडद्यात. शेजारच्या गाडीवाल्याचे गाव कोणते, हे विचारायलाही कोणाला सवड नाही.

सभासद बंधू-भगिनींनो, हे चित्र पाहून नाक मुरडण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत नाही. मोबाईल वाईट आणि जुने सगळे चांगले, असे म्हणणे सोपे आहे. पण ते खरे नाही. टेलिव्हिजन आला तेव्हाही असेच बोलले गेले. १९८७-८८ साली रविवारी सकाळी 'रामायण' मालिका लागली की गावातले रस्ते ओस पडत, हे आपल्यातील अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पण तो कार्यक्रम संपला की टीव्ही बंद होई आणि माणसे पाण्याच्या पाळीला निघत. आताचा पडदा संपतच नाही. फरक आहे तो इथे.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तेही चार महानगरांपुरते. पुढे नाशिकसारख्या शहरांत सायबर कॅफे निघाले. तासावर पैसे मोजावे लागत, म्हणून माणूस काम करी आणि उठे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, कंपन्यांची चढाओढ लागली, डेटा स्वस्त झाला आणि इंटरनेट बांधावर आले. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर भरू लागल्या, तेव्हा ज्या घरांनी तोवर पोराच्या हाती फोन दिला नव्हता, त्यांनाही तो घ्यावा लागला. शाळा पुन्हा वर्गात गेली. फोन मात्र घरीच राहिला.

आपला सभासद मोबाईलवर काय पाहतो?

सकाळी उठल्याबरोबर हवामान. गोदाकाठच्या द्राक्षवाल्यांना आणि कांदेवाल्यांना ढग दिसले की धडकी भरते. त्यानंतर लासलगाव-पिंपळगावचे कांद्याचे भाव. एके काळी हे भाव कळायला दुसऱ्या दिवसाचे वर्तमानपत्र किंवा बाजारातून परतलेला शेजारी गाठावा लागे. आता लिलाव चालू असतानाच भाव व्हॉट्सॲपवर येऊन पडतो. मग सातबारा. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळू लागला. त्यासाठी तलाठी कार्यालयाचे जे हेलपाटे वाचले, त्यांचा हिशेब कोणी तरी मांडायला हवा. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि आपल्या पिकाची नोंद आपणच शेतात उभे राहून फोटोसह करू लागलो. हवामान खात्याचे 'मेघदूत' आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे विजेची सूचना देणारे 'दामिनी' ही दोन ॲप तर प्रत्येक ऊसतोड टोळीच्या मुकादमाच्या फोनमध्ये असलीच पाहिजेत, असे आमचे मत आहे. उघड्या रानात कोयता चालवणाऱ्याला वीज कोठे पडणार, हे अर्धा तास आधी कळले तर जीव वाचतो.

हा झाला कामाचा वेळ. तो रोजचा फार तर अर्धा तास. उरलेला वेळ कोठे जातो, ते ज्याचे त्याने आपल्या मनाशी विचारावे. रील, भाषणे, भांडणे, भावकीच्या गटावरचे टोमणे, सकाळच्या शुभेच्छांची फुले, आणि रात्री जेवण झाल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या 'एकच बघतो' म्हणत उजाडलेले बारा!

यूट्यूबवरची शेती

यूट्यूबवर शेती शिकणारे सभासद वाढले आहेत, हे चांगलेच आहे. बेणेप्रक्रिया, रोपलागण, पाचट आच्छादन या गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या की चटकन पटतात. दहा व्याख्यानांनी होत नाही ते पाच मिनिटांच्या चित्रफितीने होते. पण 'एकरी शंभर टन' अशी पाटी लावून बाटली विकणारेही तेथेच बसलेले आहेत. दाखवणाऱ्याची जमीन वेगळी, पाणी वेगळे, हिशेबही वेगळा. को ८६०३२ कोठे घ्यावा आणि क्षारपड जमिनीत फुले २६५ का तग धरतो, हे पाडेगावच्या संशोधन केंद्राने आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने वर्षानुवर्षे तपासून सांगितले आहे. तेव्हा चित्रफीत जरूर पाहा, पण खताचा डोस ठरवताना माती परीक्षणाचा कागद समोर ठेवा आणि आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याला विचारा. पाहिले ते सगळे रानात नेले, तर खर्च आपला आणि नफा बाटलीवाल्याचा.

वारणेचा धडा

ऊस उत्पादकांच्या हाती संगणक देण्याचा पहिला मोठा प्रयोग आपल्याच सहकारात झाला, हे नव्या पिढीला ठाऊक नसेल. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेतला. गावोगावी संगणक केंद्रे निघाली. अपेक्षा मोठी होती: शेतकरी येईल, जगाच्या बाजारपेठा पाहील, शेतीचे नवे ज्ञान घेईल.

प्रत्यक्षात शेतकरी आला तो काय विचारायला? 'माझ्या उसाचे वजन किती भरले? तोड कधी? बिल कधी? खत आले का?' ज्या प्रश्नावर त्याचा प्रपंच उभा होता, तोच त्याने विचारला. पुढे खेड्यातले संगणक सांभाळणे महाग पडू लागले, आणि २००६ च्या सुमारास काही गावांत हीच माहिती मोबाईलच्या साध्या एसएमएसवर देऊन पाहिली. ते काम संगणकापेक्षा स्वस्तात झाले.

यातून आम्ही एवढेच घेतो की, शेतकऱ्याला यंत्राचे वेड नव्हते. त्याला आपल्या घामाचा हिशेब हवा होता, तो मिळाला की तो उठून कामाला लागे. आज आपल्या हातातले यंत्र त्या संगणकांपेक्षा कितीतरी ताकदवान आहे. पण हिशेब पाहून झाल्यावर ते आपल्याला उठू देत नाही. उलट, आपण जितके बसू तितका पुढच्याचा फायदा, अशीच त्याची रचना आहे. रील फुकट दिसते खरी. तिची किंमत आपण वेळेत मोजतो.

आणि काहींनी ती रोकड्यात मोजली आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीपायी उसाचे बिल कोठे गेले, ते कित्येक घरांत बापाला कळले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. कायदा झाला, बरे झाले. पण पोराच्या खिशातला फोन तपासायला संसद येणार नाही. ते घरालाच करावे लागेल.

सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. तोही उसाचाच मुलूख. टाळेबंदीनंतर पोरे मोबाईल सोडीनात, म्हणून गावातील बायाबापड्यांनी आणि ग्रामपंचायतीने मिळून विचार केला, आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून नियम केला. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजला की घराघरांतला टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा. सुरुवातीला लोक हसले. मग घरोघर फिरून समजावणे झाले, आणि गाव वळणावर आले. देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली.

आम्हांला यात एक गोष्ट विशेष वाटते. एकट्या आईने पोराच्या हातातून फोन ओढला तर रडारड होते, कारण शेजारचा पोरगा खेळतच असतो. सगळ्या गावाने एकदम ठेवला, तर कोणाचेच काही अडत नाही. एकट्याच्या आवाक्यात नसलेले दहा जणांनी मिळून करायचे, याच तत्त्वावर आपण कारखाना उभा केला ना? शेअरचे पैसे एकत्र करता आले, तर संध्याकाळचा दीड तास का करता येऊ नये? भोंग्याची तर आपल्याला सवयच आहे. कारखान्याच्या भोंग्यावर पाळ्या बदलतात, आणि त्या आवाजावर शिवारातली माणसे घड्याळ न बघता वेळ ओळखतात.

ओटीपी कोणाच्या हाती?

आता अगदी आपल्या दारातला प्रश्न. ऊसनोंद, तोडणी, वजन, बिल, बँकेतली जमा, ही सगळी माहिती दिवसेंदिवस फोनवर येऊ लागली आहे. पण फोन कोणाचा? अनेक सभासदांच्या, विशेषतः वयोवृद्ध आणि महिला सभासदांच्या नावापुढे मुलाचा, पुतण्याचा किंवा दुसऱ्याच कोणाचा नंबर लिहिलेला असतो. शेअर आईच्या नावावर, ऊस आईच्या नावावर, आणि बिल जमा झाल्याचा संदेश मात्र नाशिकला खोली करून राहिलेल्या मुलाच्या खिशात. मुलगा गुणी असेल तर प्रश्न नाही. नसेल तर त्या माउलीला आपलेच पैसे आले की नाही हे दुसऱ्याला विचारावे लागते.

२०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभर पुरुषांपैकी ५७ जणांनी, तर शंभर स्त्रियांपैकी फक्त ३३ जणींनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. घरात एक फोन असला तर तो कोणाच्या हातात असतो, हे या आकड्यांवरून कळावे. ज्या घरात पोरगा रोज चार तास रील बघतो, त्या घरात आईला संदेश उघडून आकडा वाचायला शिकवण्यास चार दिवसही लागू नयेत. शिकवायला बसले पाहिजे, इतकेच.

म्हणून सभासदांना आमची हात जोडून विनंती आहे. गट कार्यालयात जाऊन आपल्या नावापुढे कोणाचा नंबर आहे ते स्वतः पाहा, आणि शक्य तर आपलाच द्या. ओटीपी कोणी मागितला, मग तो बँकेचे नाव सांगो की कारखान्याचे, देऊ नका. 'पीएम किसान'च्या नावाने व्हॉट्सॲपवर एखादी फाइल आली तर ती उघडू नका. अशा फाइलींनी खाती रिकामी झाली आहेत. पोलीस असल्याचे सांगून कोणी फोनवरच 'डिजिटल अटक' केली, तर घाबरू नका. तशी अटक कायद्यात नाही. आणि पैसे गेलेच तर लाज बाळगून घरात बसू नका. त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवून धरण्याची आशा अधिक.

राहिला प्रश्न वेळेचा. विहिरीला पाणी किती, हे आपण बादली न बादली मोजतो. पाळी चुकली तर रात्री दोनला उठून बारे धरतो. दिवसालाही तसेच मोजके पाणी आहे. कोणत्या वाफ्याला किती द्यायचे, ते आपण ठरवायचे. दार उघडे टाकून झोपले, तर पाणी वाहतेच. फक्त ते आपल्या उसाला मिळत नाही.