दूरवरून संगणकांची राखण

मनमाडकरांना ‘कंट्रोल’ म्हणजे काय हे सांगत बसण्याचे कारण नाही. गाडी आपल्या फलाटावर उभी असते. पण तिने पुढे जावे की थांबावे हे ठरवणारा माणूस सुमारे १८० किलोमीटरवर, भुसावळच्या विभागीय कार्यालयात बसलेला असतो. त्याला गाडी डोळ्यांनी दिसत नाही. वाटेवरून येणाऱ्या खबरीवर तो अख्ख्या मार्गाचे चित्र उभे करतो. पेढीवरच्या संगणकांची दूरवरून देखभाल हा प्रकार याच जातीचा आहे, एवढे ध्यानात घेतले म्हणजे निम्मे काम झाले.

समजा, एका कांदा व्यापाऱ्याची पेढी मनमाडला, गाळे येवल्याला व चांदवडला, आणि हिशेबनीस मालेगावला. मिळून बारा संगणक. एखादा बिघडला की दुरुस्ती करणारा मुलगा मोटारसायकलवरून जातो. बिघडत नाही तोवर त्याकडे कोणी पाहत नाही. मेख इथेच आहे. संगणकात चोर शिरतो तो बहुधा तो उत्तम चालत असतानाच. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. ज्या छिद्रातून तो पसरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिली होती. औषध घरात आलेले होते, बाटली कोणी उघडली नव्हती! पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ने मर्स्क कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि आपल्या न्हावाशेवा बंदरात तिच्याकडे असलेल्या धक्क्यावरचे काम खोळंबले.

आता ही राखण चालते कशी ते पाहू. प्रत्येक संगणकात एक छोटा प्रोग्रॅम बसवतात, त्याला ‘एजंट’ म्हणतात (बाजार समितीतल्या एजंटाशी याचे काही नाते नाही). तो ठरावीक वेळाने स्वतःहून इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरला सांकेतिक भाषेत कळवतो की मी चालू आहे, इतक्या दुरुस्त्या बाकी आहेत, डिस्क भरत आली आहे. हा सर्व्हर ‘क्लाउड’मध्ये असतो असे म्हणतात, त्यात ढगाचे काही नाही, कोणाच्या तरी मोठ्या इमारतीतील भाड्याचे संगणक एवढाच त्याचा अर्थ. बोलणे आतून बाहेर सुरू होते म्हणून पेढीचे दार बाहेरच्यांसाठी उघडे ठेवावे लागत नाही. देखभाल करणाऱ्याच्या पडद्यावर बारा ओळी दिसतात. तो रात्री दुरुस्त्या पाठवतो, नको ते प्रोग्रॅम काढतो. लॅपटॉप बसमध्ये विसरला तर तो पुसून टाकण्याचा हुकूमही देतो. मात्र तो लॅपटॉप पुन्हा इंटरनेटला जोडला जाईल तेव्हाच हा हुकूम पोचतो. म्हणून डिस्क आधीपासूनच कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात, ठेवलेली बरी.

असे सॉफ्टवेअर आणायला सातासमुद्रापार जाण्याची गरज नाही. कैलास काटकर यांच्या कॅल्क्युलेटर-दुरुस्तीच्या दुकानातून वाढलेली पुण्याची क्विक हील कंपनी ‘सेक्राइट’ या नावाने ते विकते.

परंतु बारा कुलपांची एक किल्ली केली की ती किल्ली सोन्याची होते. २ जुलै २०२१ रोजी कासेया कंपनीच्या अशाच सॉफ्टवेअरमधील दोषाचा फायदा घेऊन चोरांनी राखणदाराच्याच हातून विष वाटले. त्यात स्वीडनमधील कोऑप या साखळीच्या दुकानांतील गल्ल्यांची यंत्रे बंद पडली आणि शेकडो दुकानांना दारे लावावी लागली. १९ जुलै २०२४ रोजी तर चोरही नव्हता. क्राउडस्ट्राइकने पाठवलेल्या एका सदोष सुधारणेने जगातील सुमारे ८५ लाख संगणक निकामी झाले. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले.

तरीही आमचे मत असे की, ही सोय घ्यावी. बारा बेवारस संगणकांपेक्षा राखणीतले बारा केव्हाही बरे. मात्र ती घेताना रेल्वेची जुनी शिस्त आठवावी. एकेरी मार्गावरील टोकनचा गोळा दोन्ही टोकांच्या स्टेशनमास्तरांनी हात लावल्याखेरीज यंत्रातून निघत नसे. त्याच न्यायाने देखभालीच्या पडद्यावर शिरताना नुसता पासवर्ड पुरेसा मानू नये. मोबाइलवरची दुसरी खूणही मागावी. दुरुस्ती जिथे आपल्या हाती असेल तिथे ती आधी एकाच संगणकावर घालून दोन दिवस पाहावी. आणि हिशेबाची एक प्रत तारेपासून तोडून कपाटात ठेवावी. आम्ही स्वतः ती प्रत संगणकाला जोडूनच ठेवली होती. विषाणू आला तेव्हा मूळ आणि प्रत दोन्ही एकाच रात्री गेली, आणि वर्षभराच्या पावत्या पुन्हा लिहिताना दिवाळी उलटली.

करार करतानाच दोन प्रश्न विचारून घ्यावेत. घात झाल्यास सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेला सहा तासांत कळवावे, असा एप्रिल २०२२चा आदेश आहे. ते कोण कळवणार? आणि देखभालवाला बदलला तर त्याचा एजंट बाराही संगणकांतून काढून घेतल्याचे कोण तपासणार? याचे उत्तर लेखी मागावे. आणि हो, आपला पडदा दुरून पाहता येतो, हे हिशेबनिसाला पहिल्याच दिवशी सांगून टाकावे.