किती दिवस मिळेल?

रविवारी सकाळी केडगाव स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर मी बाकड्यावर बसतो. निवृत्त मास्तर म्हणून गावात ओळख आहे, त्यामुळे बालसंगोपन योजनेचे अर्ज भरून घ्यायला लोक येतात. आई-वडिलांपैकी कुणी गेलं असेल तर मुलाच्या नावावर महिन्याला 2,250 रुपये मिळण्याची ही सरकारी सोय आहे.

त्या दिवशी एक आज्जी पाचवीतल्या नातवाला घेऊन आल्या. मुलाचा बाप गेलेला, आई कांद्याच्या वखारीत निवडणीला जाते. आज्जींनी पिशवीतून एकेक कागद काढून बाकड्यावर मांडला : रेशनकार्ड, शाळेचा बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, पासबुक. मृत्यूचा दाखला तेवढा वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला होता. घरासमोर काढलेला फोटोही लागतो. त्यासाठी त्यांनी अंगण सारवलं होतं आणि पोराला शाळेचा गणवेश घातला होता. आधार आणि शाळेचा दाखला मी शेजारी-शेजारी धरले. बापाच्या नावात एके ठिकाणी पहिली वेलांटी, एके ठिकाणी दुसरी. एवढ्यावरही अर्ज परत येतो, म्हणून आधी ते दुरुस्त करायला सांगितलं.

आज्जींनी निमूट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘सर, ह्ये किती दिस मिळंल?’’

किती मिळेल, हे त्यांनी विचारलं नाही. किती दिवस मिळेल, हे विचारलं. मूल वाढवणाऱ्या माणसाचा हिशेब असाच असतो.

हाच हिशेब आमच्या गावात सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईने मांडला होता. पंडिता रमाबाईंचे आई-वडील आणि थोरली बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेले. उपास, पायपीट, पोरकेपण हे सगळं त्यांनी अंगावर काढलं होतं. पुढे त्या अमेरिकेत गेल्या आणि डिसेंबर 1887 मध्ये बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ उभं राहिलं. गावोगावच्या मंडळांमधून साध्या घरच्या बायकांनीही वर्गणी दिली. त्या संस्थेने पैशाबरोबर मुदतही कबूल केली : दहा वर्षं. त्या शब्दावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई ही बालविधवा होती. तीच पुढे आनंदीबाई कर्वे झाली आणि महर्षी कर्व्यांच्या कामात आयुष्यभर उभी राहिली.

दहा वर्षांनी काय, हा प्रश्न रमाबाईंनी मुदत संपायची वाट न बघता सोडवायला घेतला. अमेरिकेतून आलेल्या देणगीतून त्यांनी केडगावला जमीन घेतली. फळझाडं लावायची, त्यांच्या उत्पन्नावर पुढे शाळा चालवायची, असा बेत होता. झाडं वाढायच्या आत 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे 300 मुली आणल्या. शारदा सदन तोवर पुण्याला हललं होतं. तिथे प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, तेव्हा हीच जमीन कामाला आली. आधी तात्पुरता निवारा, मग विहिरी, मग पक्क्या इमारती, असं ‘मुक्ती सदन’ उभं राहिलं. 1900 मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या मुलींना नुसतं जेवू घालणं शक्य नव्हतं आणि रमाबाईंना तेवढंच करायचंही नव्हतं. मुली माग चालवायला शिकल्या, शेती शिकल्या. अंध मुलींना ब्रेल शिकवलं. मोठ्या मुली धाकट्यांना शिकवू लागल्या. छापखानाही मुलींनीच चालवला. मी तरुणपणी सुट्टीत एका छापखान्यात खिळे जुळवले आहेत, त्यामुळे त्या कामाची मला कल्पना आहे. अक्षर उलटं वाचायचं, ओळ बोटांनी चाचपायची, चुकलेला खिळा चिमट्याने उचलायचा. मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं सगळ्यांचे खण वेगळे. चार ओळी जुळवायला माझा तास जायचा. ज्या मुली इथे आल्या तेव्हा हाडांचा सापळा होत्या, त्यांच्यासारख्यांच्या हातांनी रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलचे खिळे जुळवले. आलेल्या देणगीचं असं कसब झालं.

रमाबाईंच्या कामावर धर्मांतराचा वाद झाला, 1893 मध्ये रानडे-भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, हेही खरं. मदत घेणाऱ्याची श्रद्धा त्याची त्याच्याकडे राहिली पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. पण दुष्काळात रस्त्यावर पडलेली मुलगी उचलायला कोण गेलं, हेही विसरून चालणार नाही.

आज पॅलेस्टिनी मुलांच्या बातम्या बघताना मला मुदतीचा हाच हिशेब आठवतो. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 1949 मध्ये एक संस्था स्थापली आणि 1 मे 1950 पासून तिचं काम सुरू झालं. तात्पुरती म्हणून निघालेल्या त्या संस्थेला आजवर मुदतवाढ मिळत आली आहे. तिच्या शाळांमध्ये पाच लाखांच्या आसपास मुलं शिकत आली आणि शिकवणारे बहुतेक शिक्षक स्वतःच निर्वासित. भारतही अलीकडे तिला वर्षाला 50 लाख डॉलर देत आला आहे. पण देणारे देश हात आखडता घेतात तेव्हा शाळाच बंद पडायची वेळ येते. एका वर्षाच्या निधीवर मुलाची दहा वर्षांची शाळा चालत नाही. छावणीतल्या आजीच्या मनातही आमच्या आज्जींचाच प्रश्न असणार.

आज्जींना मी सांगितलं, ‘‘अठरा वर्षं पुरी होईपर्यंत मिळतं. पण दाखले दरवर्षी जपून ठेवा.’’ त्यांनी बोटांवर मोजलं. आठ वर्षं. मग कागद पुन्हा एकेक करून पिशवीत ठेवले.

तुम्ही कुणा मुलाला मदत करत असाल, इथे किंवा परक्या देशात, तर रक्कम लहान असली तरी चालेल. वर्षं मात्र आधी ठरवा आणि तो शब्द पाळा.