दाढदुखीवर मिश्री... आणि मिश्रीवर?

भाताची लावणी आटोपली की आमच्या सासूबाई कामशेतजवळच्या गावाहून चार दिवस लोणावळ्याला आमच्याकडे येतात. पिशवीत कुर्डूची भाजी, नवीन गोधडी, आणि तळाशी लुगड्याच्या घडीत मिश्रीची डबी. यंदा धाकटी नणंदही आली होती. तिसरा महिना, सकाळी उठल्याबरोबर मळमळ. सासूबाईंनी तिच्यापुढे डबी धरली. म्हणाल्या, "चिमूटभर लाव गं. मळमळ थांबेल, पोटही साफ होईल."

मी ओट्यापाशी होते. दूध उतू गेलं, तरी माझं लक्ष नव्हतं. कारण मैत्रिणींनो, हीच डबी एकदा माझ्यापुढेही आली होती.

मी बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवणारी बाई. पण थोरल्याच्या बाळंतपणानंतर दाढ अशी ठणकायला लागली, की रात्ररात्र डोळ्याला डोळा नाही. तान्हं मूल टाकून दाताच्या डॉक्टरकडे जाणार कोण? सासूबाईंनी मिश्री दिली आणि खरं सांगते, ठणका थांबला! मग काय, आधी दाढेसाठी, मग पोट साफ व्हावं म्हणून, मग नुसतीच. दिवसातून चार-पाच वेळा. मेतकुटाच्या बरणीमागे डबी लपवून चार वर्षं काढली. 'ह्यांना'सुद्धा पत्ता नव्हता. (निदान मला तसं वाटत होतं!)

मिश्री म्हणजे काय, हे मावळात सांगायला नको. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, शेजारच्या तीन घरांना ठसका लागेपर्यंत! मग कुटून पूड करायची. दिसते दंतमंजनासारखी, म्हणून आपण तिला तंबाखू म्हणतच नाही. 'मी तंबाखू खात नाही बाई, नुसती मिश्री लावते,' असं म्हणणाऱ्या कितीजणी तुमच्या ओळखीच्या असतील! केंद्र सरकारने १९९२ सालीच टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या तव्याला कोण बंदी करणार?

बरं, हे 'आजीच्या वेळचं औषध' तरी किती जुनं? तंबाखूचं झाड मुळात अमेरिकेतलं. चरक-सुश्रुतांनी ते पाहिलेलंच नाही. ती औषध आहे, हे युरोपातल्या वैद्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांकडूनच उचललं. १५७१ साली सेव्हिलच्या मोनार्देस नावाच्या वैद्याने डोकेदुखी, दातदुखी, पोटदुखी अशी कितीतरी दुखणी तंबाखूने बरी होतात असं लिहून ठेवलं. आपल्याकडे ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असदबेगाने विजापुराहून ती अकबराच्या दरबारात नेली, तेव्हा बादशहाच्या हकिमाने विरोध केला. आपल्या ग्रंथांत जिचा उल्लेख नाही ती वस्तू घ्यायची कशी, असं त्याचं म्हणणं. शहाणा माणूस!

मग माझा ठणका कसा थांबला? तंबाखूतल्या निकोटिनने दुखणं थोडा वेळ दबतं. दाढ आतून किडतच राहते, वर हिरड्या सुटतात, तोंडात पांढरे चट्टे येतात, पुढे कर्करोगाची भीती. पोटाचंही तसंच. निकोटिनने आतडी हलतात खरी, पण सवय झाली की मिश्रीवाचून ती हलेनाशी होतात. डोकं जड होतं, चिडचिड होते, आणि चिमूट लावली की बरं वाटतं. दुखणं तिचंच, औषधही तिचंच! सासूबाईंचा एक उपयोग मात्र मी मान्य करते. शेतात जळू चिकटली की त्या तिच्यावर तंबाखू टाकतात, जळू पटकन गळून पडते. आता जिच्यापुढे जळू टिकत नाही, ती पोटातल्या जिवाला कशी मानवावी?

त्या सकाळी मी हेच बोलले. सासूबाई उखडल्या. "ह्याच्या वेळी मी लावतच होते की! काय बिघडलं?"

"किती वजनाचे होते हो हे, आई?"

"तेव्हा तोलत होतं कोण?"

पुढे तोलून पाहिलंय. मुंबईत १२१७ गरोदर बायकांची पाहणी झाली, २००४ साली ती प्रसिद्ध झाली. तंबाखू घेणाऱ्यांत बहुतेक मिश्रीवाल्याच होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली, दिवस भरण्याआधी होण्याचं प्रमाणही जास्त. मी वाण्याच्या पुडीतली शंभर ग्रॅम खसखस सासूबाईंच्या हातावर ठेवली. त्या पुडीकडे पाहत राहिल्या.

नणंदेला उठण्यापूर्वी अंथरुणातच कोरड्या लाह्या दिल्या, आणि डॉक्टरांना विचारून पुढचं ठरवलं. माझं सांगायचं तर आधी दाढ काढून घेतली, मग डबी सोडली. पहिले आठ दिवस वाईट गेले. मुलांवर उगाच ओरडले, पोट कुलूप लावल्यासारखं. बडीशेप, लवंग, भरपूर पाणी आणि रात्री भिजवलेल्या मनुका यांवर निभावलं. तुम्हांला एकटीने जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत.

सासूबाईंची डबी मी फेकली नाही. पन्नास वर्षांची सवय आहे. पण गावी जायच्या आदल्या रात्री भांडी विसळता विसळता त्यांनी हळूच विचारलं, "तुझी दाढ काढली, त्या डॉक्टरीणबाई रविवारी असतात का गं?"