अमेरिकेतील कंट्री क्लब : धन, प्रतिष्ठा आणि सभासदत्व

धन आणि प्रतिष्ठा या दोन गोष्टी व्यवहारात बहुधा एकत्र नांदतात; त्यामुळे त्या एकच आहेत असा समज सहज होतो. हा समज कितपत खरा आहे हे तपासावयाचे असल्यास अमेरिकेतील ‘कंट्री क्लब’ या संस्थेचे उदाहरण विशेष उपयोगी पडते. ज्या देशाने राज्यघटनेतच सरदारकीच्या पदव्यांना मज्जाव केला, त्या देशातील श्रीमंतांनी उच्चनीचतेच्या पायऱ्या कोणत्या साधनाने उभारल्या, हे या क्लबांच्या सभासदत्वाच्या रीतीवरून चांगले कळून येते.

कंट्री क्लब म्हणजे शहराच्या वेशीबाहेर, विस्तीर्ण जागेवर, सभासदांनी आपल्यापुरती चालविलेली क्रीडा व करमणूक यांची संस्था. १८८२ मध्ये बॉस्टनजवळील ब्रुकलाइन येथे स्थापन झालेला क्लब हा या प्रकारातील आद्य क्लब मानला जातो. त्याचे नावही नुसते ‘द कंट्री क्लब’ असेच आहे. प्रारंभी घोड्यांच्या शर्यती हे तेथील मोठे आकर्षण होते. शतकाच्या अखेरच्या दशकात गोल्फ आला आणि त्याने या संस्थेला तिचे आजचे रूप दिले. अठरा छिद्रांच्या मैदानास सामान्यतः शंभराहून अधिक एकर जमीन लागते आणि एका डावास सुमारे चार तास जातात. एवढी जमीन हिरवळीसाठी राखणे आणि एवढा वेळ खेळात घालविणे ज्यांस परवडते, त्यांचे ऐश्वर्य निराळे सांगावे लागत नाही. थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये ‘द थिअरी ऑफ द लीझर क्लास’ या ग्रंथात मांडलेला सिद्धान्त हाच आहे. संपत्ती नुसती असून भागत नाही, ती दिसावी लागते. आणि रिकामा वेळ हे तिचे एक ठळक प्रदर्शन होय.

परंतु व्हेब्लेन यांच्या सिद्धान्ताने अर्धाच उलगडा होतो. प्रवेशशुल्क आणि वार्षिक वर्गणी भरण्याची ऐपत असलेला प्रत्येक मनुष्य सभासद होतोच असे नाही. जुन्या क्लबांत इच्छुकास उघडपणे अर्जही करता येत नाही. विद्यमान सभासदांपैकी कोणीतरी सूचक व्हावे लागते, दुसऱ्याने अनुमोदन द्यावे लागते, नंतर मंडळापुढे नाव जाते. पूर्वी गुप्त मतदानात पेटीत एकदोन काळ्या गोट्या निघाल्या की नाव बाद होई, आणि त्याचे कारण सांगण्यास कोणी बांधलेला नसे. सिंक्लेअर लुईस यांच्या १९२२ च्या ‘बॅबिट’ या कादंबरीचा नायक खाऊनपिऊन सुखी आहे, एका क्लबाचा सभासदही आहे. परंतु तो क्लब गावातील पहिल्या प्रतीचा नव्हे. वरच्या क्लबात जाण्याची आपल्याला इच्छाच नाही असे तो आवर्जून सांगतो, आणि त्या आवर्जून सांगण्यातच त्याचे शल्य उघडे पडते.

येथे माक्स वेबर यांनी केलेला वर्ग आणि प्रतिष्ठागट यांतील भेद उपयोगी पडतो. वर्ग बाजारातील स्थानावरून ठरतो. प्रतिष्ठागट मानावरून आणि राहणीवरून. प्रतिष्ठागटाची कसोटी कोणती, तर कोणाबरोबर जेवावे आणि कोणाशी सोयरीक करावी यांवरील निर्बंध. मराठी वाचकास हे समजावून सांगण्याची गरज नाही. ‘रोटीबेटी व्यवहार’ या एका शब्दात ते सर्व आले. क्लबाचे भोजनगृह आणि वयात आलेल्या कन्यांचा समाजाशी परिचय करून देणारे तेथील नृत्यसमारंभ यांच्याकडे या दृष्टीने पाहिले, म्हणजे गोल्फचे मैदान हे निमित्तमात्र वाटू लागते.

या निर्बंधांचा जाच कृष्णवर्णीयांस, ज्यूंस आणि स्त्रियांस विशेषेकरून झाला. नाकारल्या गेलेल्या ज्यूंनी आपले निराळे क्लब काढले. लॉस एंजेलिस येथील १९२० चा हिलक्रेस्ट हा त्यांपैकी एक प्रसिद्ध क्लब. परंतु जर्मनीतून आधी आलेल्या ज्यू कुटुंबांच्या काही क्लबांनी पूर्व युरोपातून मागाहून आलेल्या ज्यूंस दूर ठेवले, हेही नमूद केले पाहिजे. वगळले जाणारे पुन्हा दुसऱ्यांस वगळतात. मुंबईत १८३३ मध्ये स्थापन झालेल्या भायखळा क्लबात भारतीयांस प्रवेश नव्हता. आणि मरीन ड्राइव्हवरील पारशी, हिंदू, इस्लाम अशी जिमखान्यांची नावे वाचली, म्हणजे वेगळेपणाची ही रीत आपणांसही अपरिचित नाही हे ध्यानात येते.

क्लब हे खासगी घरासारखे आहे, आणि घरात कोणास बोलवावे हा घरमालकाचा प्रश्न आहे, असा या रीतीचा बचाव करण्यात येतो. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने खऱ्याखुऱ्या खासगी क्लबांस वगळून हा युक्तिवाद मान्यही केला. परंतु त्याच क्लबाचा निम्म्याहून अधिक उपयोग व्यवसायासाठी होतो असे दाखवून वर्गणीची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची सोय १९९३ च्या कायद्याने बंद होईपर्यंत उपलब्ध होती. कायद्यापुढे घर आणि करखात्यापुढे पेढी, अशी ही दुहेरी भूमिका होती. मैदानावर ओळखी होतात, ओळखींतून करार होतात, नेमणुका होतात. म्हणून वगळला जाणारा मनुष्य केवळ खेळास नव्हे, तर उपजीविकेच्या संधीस मुकतो. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क शहराचा यासंबंधीचा कायदा उचलून धरला. चारशेहून अधिक सभासद असलेला, नियमित भोजन देणारा आणि व्यवसायार्थ बाहेरच्यांकडूनही नियमित पैसे घेणारा क्लब खासगी मानू नये, असे त्या कायद्यात म्हटले होते.

तथापि कायद्याहून लवकर परिणाम झाला तो जाहिरातींच्या पैशाचा. १९९० मध्ये अलाबामातील शोल क्रीक क्लबाच्या संस्थापकाने, आपण कृष्णवर्णीयांस घेत नाही असे वृत्तपत्रास सांगितले. तेथे भरावयाच्या मोठ्या स्पर्धेच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणातून अनेक कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या, आणि क्लबाने घाईने एका कृष्णवर्णी गृहस्थास मानद सभासद करून घेतले. त्याच वर्षी ऑगस्टा नॅशनल क्लबाने पहिला कृष्णवर्णी सभासद घेतला. पहिल्या दोन स्त्रियांस मात्र २०१२ पर्यंत वाट पाहावी लागली. काही क्लबांनी तर व्यावसायिक स्पर्धा सोडून दिल्या, पण सभासद निवडण्याची आपली रीत सोडली नाही.

लेखी निर्बंध आता बहुतांशी गेले आहेत. सूचक, अनुमोदक, प्रतीक्षायादी आणि कारण न देण्याचा अधिकार मात्र शिल्लक आहेत. म्हणून वर्गाचा अभ्यास करणाऱ्याने उत्पन्नाच्या कोष्टकांवर थांबू नये. मनुष्याजवळ काय आहे हे कोष्टक सांगते. त्याला आपल्यातला म्हणणारे कोण, हे मात्र सभासदांच्या यादीवरूनच कळते.