ही सोनकी नव्हे!

गणपती-दसऱ्याच्या सुमारास पुण्याच्या आसपासच्या रस्त्यांवर दुतर्फा पिवळा-केशरी गालिचा दिसतो आणि फोटोंखाली लोक ‘सोनकी फुलली’ असं लिहितात. तो असतो कॉसमॉस. मूळचा मेक्सिकोकडचा, बागेसाठी आणलेला आणि बागेबाहेर पडलेला.

ओळखायला सोपा आहे. झेंडूसारखी चिरलेली पानं, छातीपर्यंत उंची आणि टोकाला दाते असलेल्या पाकळ्या. आपली सह्याद्रीतली सोनकी बुटकी, तिची फुलंही लहान. कॉसमॉस दाट माजला की खालच्या तेरड्याला, कवल्याला, साध्या गवताला ऊनच मिळत नाही. ही झाडं गेली की त्यांच्यावर वाढणाऱ्या अळ्या आणि कीटकही जातात. गुरंसुद्धा सहसा त्याला तोंड लावत नाहीत. गाजरगवताचं आपण हेच पाहिलंय. 1950 च्या दशकात ते पुण्यात नोंदलं गेलं, आज देशभर आहे. फरक इतकाच की कॉसमॉस देखणा आहे, म्हणून त्याला कुणी तण म्हणत नाही. मला याचीच जास्त भीती वाटते.

त्याचं बी सुईसारखं बारीक असतं आणि एका झाडावर भरपूर धरतं. त्यामुळे उपटायचा तर बी धरण्याआधी, मुळासकट, जागामालकाला किंवा वनखात्याला विचारून. आणि कृपा करून पावसाळी ट्रेकला ‘रानफुलांच्या बियां’ची पाकिटं उधळू नका.