जंतू मेले, विषाचे काय?

प्रतिजैविकांनी जंतू मेले की दुखणे संपले, हा हिशेब ई. कोलाय किंवा साल्मोनेला यांच्यापुढे अपुरा पडतो. त्यांच्या बाहेरच्या आवरणातले लिपोपॉलिसॅकराइडचे रेणू जंतू मेल्यावरही विषारीच राहतात. हे विष उतरवणारे विकर १९८३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मनफर्ड आणि सहकाऱ्यांना सापडले, तेही माणसाच्याच पांढऱ्या पेशींत. अ‍ॅसिलऑक्सिअ‍ॅसिल हायड्रोलेज हे त्याचे नाव उच्चारताना जीभ अडखळते. काम मात्र सुबक. विषाच्या रेणूला मेदाम्लांच्या बहुधा सहा साखळ्या असतात. त्यांतल्या दोन इतर साखळ्यांवर स्वार झालेल्या असतात, आणि विकर नेमक्या त्याच छाटते. चार साखळ्यांचा उरलेला रेणू पेशींवरच्या टीएलआर-४ या ग्राहीला फारसा चेतवू शकत नाही.

यावर कुणी म्हणेल, रक्तातले बहुतेक विष यकृत काही मिनिटांत टिपून घेते. मग विकर हवे कशाला? पण टिपणे म्हणजे निकामी करणे नव्हे. या विकराचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या यकृतात विष तसेच मुरून बसले आणि यकृत कित्येक दिवस फुगलेलेच राहिले. त्याहून बोलका प्रयोग २००८ मधला. विषाचा एक डोस पचवल्यावर प्रतिकारशक्ती काही काळ बधिर होते. साधे उंदीर १४ दिवसांत त्यातून बाहेर आले. विकर नसलेले किमान ३ आठवडे बधिरच होते. बधिरतेमुळे दाह कमी होतो, तेव्हा हा तोटा कसला, असेही वाटेल. मात्र त्या अवस्थेत जहाल ई. कोलाय टोचल्यावर हे उंदीर सहज बळी पडले. दाह वाचला, जीव गेला.

सर्वांत वजनदार आक्षेप माणसाबद्दलचा आहे. उंदीर हे विष आपल्यापेक्षा कितीतरी जास्त सोसतात. शिवाय टीएलआर-४ रोखणारे एरिटोरान हे औषध गंभीर सेप्सिसच्या रुग्णांवर फोल ठरले. २८ दिवसांतील मृत्यू घटले नाहीत, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. माझ्या मते हा पराभव विकराच्या माथी मारता येत नाही. एरिटोरान सुरुवातीचा भडका रोखायला निघाले होते. विकर तासन्‌तास घेऊन सावकाश काम करते आणि त्याचा उपयोग भडका ओसरल्यावरचा. सेप्सिसमधून वाचलेले रुग्ण पुढे नव्या संसर्गांना बळी पडतात, हे डॉक्टर जाणतात. विकराची कसोटी लागायला हवी ती या टप्प्यावर, पहिल्या रात्री नव्हे.